ग्रंथपालबाईंच्या नोंदी

आमचे धाकटे दीर शाळेतले संगणक सांभाळतात. मुलं त्यांना 'वायरकाका' म्हणतात. कुलूप लावून चार पावलं गेले की परत येऊन ओढून बघणारा माणूस.

शनिवारपर्यंत तीस संगणक पुसून नव्याने तयार करायचे होते. एकेकासमोर बसले असते तर महिना गेला असता. म्हणून त्यांनी सर्व्हरवर सगळ्यांत मिळून एक फोल्डर केलं. नवी सिस्टिम त्यात, आणि संगणक विचारील त्या प्रश्नांची उत्तरंही त्यातच लिहून ठेवलेली. शाळेतला कुठलाही संगणक सुरू झाला की ते फोल्डर वाचायला जाणार, वाचता आलं की जुनं सारं पुसणार आणि आपापला तयार होणार.

"म्हणजे ताट वाढून ठेवलंय, येईल त्याने जेवावं," मी म्हटलं.

"आमंत्रण असेल त्यानेच, वहिनी."

यादीतल्या संगणकांनाच ते फोल्डर खुलं होतं. ग्रंथपालबाईंचा संगणक त्यांनी मुद्दाम यादीबाहेर ठेवला. कोणतं मूल कोणत्या पुस्तकात रमलं, कुठे अडलं, अशा अकरा वर्षांच्या नोंदी त्या एकाच यंत्रात होत्या.

आज भाऊजी चष्मा घरीच विसरले, तो द्यायला मी शाळेत गेले. ते एका वर्गात तारा जोडत होते. तेवढ्यात शिपाईमामा आले. "वीज जाऊन आली, तर बाईंचा संगणक भलतंच काही दाखवतोय म्हणे."

भाऊजींचा चेहरा उतरला. "सकाळी तपासायला फोल्डर सगळ्यांना खुलं केलं होतं मी. परत बंद केलं का?" म्हणेपर्यंत जिन्यात. मागून मी, देवाचं नाव घेत.

चष्मा अजून माझ्याच हातात होता, हे दोघांच्याही ध्यानात नव्हतं. काळ्या पडद्यापुढे ते डोळे बारीक करून उभे. "वहिनी, तुम्हीच वाचा."

वाचलं. "परवानगी नाही, असं लिहिलंय."

"म्हणजे सकाळीच बंद केलं होतं मी. वाचलं सारं," भाऊजी म्हणाले. बाईंना काही कळलं नव्हतं. गप्प राहिले असते तरी चाललं असतं. पण त्यांनी सगळं सांगितलं. "ताई, तुमची अकरा वर्षं आज माझ्या हातून गेली असती."

बाईंनी खुर्ची पुढे सरकवली. "आधी धाप तर ओसरू द्या. मग नक्कल करून ठेवू."

नोंदींची नक्कल दोन मिनिटांत झाली. पण बाई एकेक नाव उघडून मोठ्याने वाचत राहिल्या, आणि शनिवार डोक्यावर असूनही भाऊजी ऐकत राहिले.