आतून ओली बेस गिटार

मी बेस गिटार घ्यायला गेलो तेव्हा बेस गिटार म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं, पण ती निवडायची कशी हे पक्कं माहीत होतं.

माझं गाव जोहे. आमच्याकडे घराघरात गणपतीचे कारखाने. माझी शाळा चौथीपर्यंत झाली (मास्तर म्हणायचे, तीसुद्धा जास्तच झाली) आणि तेव्हापासून हात मातीत. आता मूर्ती वाळली की नाही हे आम्ही बघून सांगत नाही. बोटाच्या पेराने ठोकायची. ठणठण वाजली तर वाळली. बद्द वाजली तर आतून ओली, नाहीतर तडा गेलेला. दोन्हीपैकी काहीही असलं तरी गिऱ्हाइकाला द्यायची नाही. एवढं एकच शास्त्र मला येतं, आणि जगातली कुठलीही वस्तू त्यात बसते अशी माझी समजूत होती. कलिंगड, माठ, दाराची फळी, सगळं मी ठोकूनच घेतलं. (बायको बघायला गेलो तेव्हा वडील शेजारी बसले होते म्हणून राहिलं.)

ही गोष्ट पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची, घरोघरी कॅसेटी वाजायच्या तेव्हाची. आमचा एकुलता एक मंगेश रोह्याला कंपनीत लागला आणि तिथंच वरसे गावात खोली घेऊन राहिला. सुरुवातीला दर रविवारी घरी यायचा. मग एक रविवार सोडून यायला लागला. मग तिथल्या पोरांनी ऑर्केस्ट्रा काढला, हा त्यात कीबोर्ड वाजवायला लागला आणि रविवार गेलाच. इतर दिवशी शिफ्ट, सुट्टीच्या दिवशी तालीम. मी त्याला एका शब्दाने बोललो नाही. मी कशाला बोलू? मी बाप आहे. फक्त रविवारी पेणची एसटी यायच्या वेळेला मी कारखान्याच्या दारात उभा राहायचो, हवा खायला.

"हवा सोमवारी येत नाय का?" असं माझी बायको सुमन आतून विचारायची.

त्या वर्षी गणपती झाल्यावर मंगेश एक दिवस येऊन गेला. जेवताना सांगत होता, आमचा बेस गिटारवाला बदली होऊन गेला, दुसरा कोणी मिळत नाही, ऑर्केस्ट्रा लंगडा झालाय. मी सहज विचारलं, त्या गिटारीला तारा किती? म्हणाला, चार. आणि साध्या गिटारीला? सहा. बेसवाल्याला गाणं वाजवावं लागतं का? नाही, म्हणाला, त्यानं मागं नुसतं धरून राहायचं. मी भातावर वरण घेतलं आणि विचार केला, सहा तारा जर काल जन्मलेली पोरं वाजवतात तर चार मला काय जड? आणि धरून राहायचं म्हणाल तर मी वीस वर्षं भजनात टाळ धरतोय.

मंगेश गेला आणि मी सुमनला सांगून टाकलं, मी बेस गिटार शिकणार. ती तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"पोराची आठवण येते तर तसं सांगा की त्याला. वाजवून कशाला दाखवायची?"

"आठवणीचा काय संबंध गो? मला आवड हाय."

"कधीपासून?"

"लहानपणापासून."

"लहानपणी तुम्ही एसटी बघून झाडावर चढला होता. गिटार कुठनं बघितलीत?"

माणसाला घरातून असा पाठिंबा असला की तो काहीही करू शकतो. दुसऱ्या दिवशी मी पेणच्या बाजारात.

तिथं पेटी-तबल्याचं एक जुनं दुकान होतं. हळदीला वाजवणाऱ्या पार्ट्या वाढल्या तसा मालक गिटारीही ठेवायला लागला होता. माणूस फार सभ्य. मी बेस गिटार म्हटल्यावर त्याने कोपऱ्यातली एक काळी, चपटी गिटार काढून समोर ठेवली. मी ती उचलली. वजनाला उखळासारखी! पेराने ठोकली. बद्द. पालथी करून ठोकली. बद्द. कानाला लावून पुन्हा ठोकली.

"ही अजून आतून ओली हाय," मी म्हटलं.

मालक म्हणाला, लाकूड आहे, नाना.

"म्हणूनच सांगतो. चार दिवस उन्हात ठेवा."

मग त्याने मला समजावलं की ती आतून भरीव असते, तशीच असावी लागते, आवाज विजेच्या पेटीतून येतो. इथं मात्र माझा मान दुखावला. भरीव? भरीव मूर्ती नवशिका करतो. माल फुकट जातो, वजन वाढतं आणि शेवटी चीर पडते. खरी कारागिरी पोकळ मूर्तीत. हे मी त्याला नीट उलगडून सांगितलं. बिचारा ऐकत राहिला. तोवर माझं लक्ष वर टांगलेल्या एका फुगीर पोटाच्या गिटारीकडे गेलं. ती मागितली, ठोकली, आणि काय सांगू, अशी ठणठणली की दुकानातल्या तबल्यांनी मान वळवली असती.

"ही द्या."

"नाना, पण ही बेस नाही. हिला सहा तारा आहेत."

"मग दोन काढा."

मालकाने माझ्याकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं आणि पक्कड घेतली. कुठल्या दोन काढू, असं त्याने अगदी हळू विचारलं. मी म्हटलं, बारीक असतील त्या काढा, नाहीतरी तुटणारच आहेत. अशा तऱ्हेने माझी पहिली बेस गिटार मी पेणच्या बाजारात जागच्या जागी तयार करवून घेतली.

घरी आणली तर ती मला उघडी-बोडकी वाटायला लागली. आमच्या हाताला सवय अशी की कच्चा माल समोर असला की चैन पडत नाही. मुकुटाचा सोनेरी रंग उरला होता, तो कडेने मारला. मग मधे कमळ काढलं. मग सुमन म्हणाली, एवढं केलंच आहे तर खडे कशाला शिल्लक ठेवता? (आधी हसत होती, पण खडे चिकटवायला तीच बसली. लाल-हिरवे, एकाआड एक. नजर मोठी चांगली तिची.) महिनाभर मी कारखान्यात साच्यांमध्ये बसून तारा छेडत होतो. बाजूच्या कारखान्यातला माणूस एकदा डोकावून विचारून गेला, कुठल्या मूर्तीचा हात मोडला का, मघापासून तार वाकवताय. मी म्हटलं, गाणं बसवतोय. तो म्हणाला, बसू दे, बसू दे, आणि गेला.

मग एका रविवारी मी निघालो. गिटार कशात न्यायची? आमच्याकडे जपून न्यायची वस्तू लाल कापडात गुंडाळतात, तशी गुंडाळली. पेणला रोह्याची गाडी पकडली आणि गिटार मांडीवर घेऊन बसलो. कासूला एक बाई भाजीची टोपली घेऊन चढली. तिने ते लाल कापड बघितलं, टोपली खाली ठेवली आणि दोन्ही हात जोडले.

"कुठं चाललाय देव?"

आता काय सांगायचं? गिटार म्हणावं तर तिचे जोडलेले हात वाया जाणार.

"पोराकडं चाललाय," मी म्हटलं.

ते ऐकून समोरचा म्हातारा उठला आणि म्हणाला, देवाला खिडकी द्या. बाईने टोपलीतलं झेंडूचं फूल काढून कापडावर ठेवलं. थोडक्यात, रोह्यापर्यंत गिटार खिडकीशी बसून गेली आणि मी तिच्या बाजूला उभा. मधे एकदा मला टेकायचं होतं, तर त्या म्हाताऱ्याने डोळे वटारले.

वरशाला एका घराच्या मागच्या शेडमध्ये त्यांची तालीम चालली होती. मला दारात बघून मंगेश घाबरून उठला, त्याला वाटलं घरी कोणाला काही झालं. मी म्हटलं, काही नाय, तुमचा बेसवाला आलाय. आणि कापड सोडलं.

सोनेरी काठ, कमळ, लाल-हिरवे खडे, चार तारा आणि वर झेंडू. त्यांचा गाणारा दामू पुढे येऊन वाकून बघायला लागला. त्याचाही हात जोडायला वर आला होता, पण अर्ध्यात थांबला.

"नाना, हा बेस नाय," तो म्हणाला.

"चार तारा मोज."

"तारा चारच हायत. पण हा बेस नाय."

"तू गा. मी धरून राहतो."

त्यांनी सुरू केलं. ड्रम धाडधाड, मंगेशचा कीबोर्ड, दामूचा गळा. मी तार छेडली. मला ऐकू आली नाही. मला वाटलं छेडली नसेल, पुन्हा छेडली. मग कान गिटारीला लावून छेडली, तेव्हा आत कुठेतरी डास गेल्यासारखा आवाज आला. महिनाभर ज्या गिटारीने माझा कारखाना दणाणून सोडला होता, तिची ही गत! मी जिद्दीला पेटलो आणि सगळा जोर लावून पंजा मारला. त्याबरोबर कमळाच्या मधला मोठा लाल खडा सुटला आणि वरचा सूर लावून उभ्या असलेल्या दामूच्या गालावर बसला. सूर तिथेच संपला.

पोरं हसली. चांगली पोटभर हसली, त्यांना दोष नाही. पण मंगेश हसला नाही, आणि तेच मला लागलं. मला वाटलं, पोराला लाज वाटली. मी गिटार कापडात बांधायला घेतली, तर गाठ बसेना.

तो माझ्याजवळ येऊन खाली बसला. मला म्हणाला, "बाबा, हे शिकायचं कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोणी नाय. आवड हाय."

"भजनात टाळ धरून झोपता तुम्ही. अख्खं गाव बघतंय."

मी गाठीकडे बघत राहिलो. मग म्हटलं, "रविवार आता जोह्याला येत नाय. म्हटलं जिकडं येतो तिकडं आपण जावं."

माझ्या हातातून कापड घेतलं आणि गाठ त्याने बांधली. बराच वेळ बांधत होता. एका गाठीला एवढा वेळ लागत नाही.

पुढच्या रविवारी तालीम सोडून तो पेणला आला आणि मला त्याच दुकानात घेऊन गेला. मला बघितल्याबरोबर मालकाने वरच्या दोन गिटारी उचलून आत नेऊन ठेवल्या. मंगेशने तीच काळी, चपटी गिटार मागितली. पट्टा माझ्या खांद्यात अडकवला, मागेपुढे करून बसवला. लहानपणी मी त्याच्या पाठीवर दप्तर बसवायचो, तसंच. म्हणाला, वजन खांद्यावर घ्या, हातावर नको. या तारांमध्ये अंतर जास्त आहे बघा, तुमची जाड बोटं अडकणार नाहीत. गिटारीचा गळा किती लांब आहे, हात पोचतो का, दुखतो का, हे बघायचं. कमळ नंतर. आणि बाबा, ठोकायची नाही, विजेला लावून ऐकायची.

वायर लावली. मी सगळ्यात जाड तार सोडली. आवाज कानात आलाच नाही, पोटात आला. कपाटाच्या काचा थरथरल्या, माझ्या तळपायाला मुंग्या आल्या. मी तशीच्या तशी तार धरून उभा राहिलो. मंगेश बघत होता, आणि तोंड मिटून हसत होता.

"वाळली का, नाना?" मालकाने विचारलं.

"वाळली," मी म्हटलं.

माझा पहिला कार्यक्रम वरशालाच एका पूजेला झाला. तोवर मला एक तार नीट येत होती, म्हणून मंगेशने ठरवलं की तेवढीच वाजवायची. बाकीच्या तीन शोभेला. सुमन पहिल्या रांगेत पदर दाताखाली धरून बसली होती. गाणी एकामागून एक बदलली, वेगात आली, संथ झाली, मी मात्र माझी एकच तार धरून राहिलो. मंगेश कीबोर्डवरून मधूनमधून माझ्याकडे मान हलवायचा, मीही हलवायचो. एकदाही झोप आली नाही.

कार्यक्रम संपला तसा फेटा बांधलेला एक माणूस स्टेजवर आला. दामूची पाठ थोपटली, मंगेशचा हात हातात घेतला. मग माझ्याकडे वळला.

"काका, जनरेटर तुमचाच ना?" तो म्हणाला. "काय मशीन हाय! एकदा घुमायला लागला तो शेवटपर्यंत एकसारखा, कुठं अडकला नाय. आमच्या घरी पुढच्या महिन्यात साखरपुडा हाय, याल का?"

मंगेशने तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. मी माझा पट्टा नीट केला आणि आधी विचारलं, वार कुठला?

तो म्हणाला, रविवार.

"येतो," मी म्हटलं. "डिझेल तुमचं."