गढीचा बुटका दरवाजा

मी दातांची डॉक्टर आहे आणि फावल्या वेळात लढाया खेळते. टेबलावरच्या. अंगठ्याएवढे शिपाई, फासे, अंतर मोजायला पट्टी आणि शिपायांना आडोसा म्हणून इमारती. सदाशिव पेठेतल्या माझ्या दवाखान्यात दातांच्या साच्यांसाठी जे प्लास्टर येतं, त्याच्याच मी भिंती करते. "या वयात?" असं विचारणाऱ्या पेशंटला मी तोंड उघडायला सांगते. मग प्रश्न आपोआप थांबतात.

इमारत मात्र खरी हवी. जी पाहिली नाही, मोजली नाही, ती माझ्या टेबलावर येत नाही. म्हणून गेल्या वर्षी पाऊस संपल्यावर शहराबाहेर, मांजरी गावाच्या पुढे एका खेड्यात गेले. उसाच्या शेताला लागून तिथे एक गढी आहे. गढी कसली, एक बुरूज, थोडी तटबंदी आणि एक दरवाजा. पिशवीतून टेप काढली मात्र, आतून सत्तरीच्या एक बाई तरातरा बाहेर आल्या. जागा त्यांच्या घराण्याची.

"टेप पिशवीत ठेवा आदी. कुणाच्या तुमी? बिल्डरच्या का रस्त्याच्या?"

त्यांचंही बरोबरच होतं. आमच्या शहराच्या कडेला टेप घेऊन आलेला माणूस कधी चांगली बातमी आणत नाही. आधी कोणी तरी असंच मोजून गेलं होतं आणि आता रस्तारुंदीत तो दरवाजा जाणार होता. मी खेळाचं सांगितलं. त्यांचा विश्वास बसेना. शेवटी पिशवीतला एक शिपाई काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिला.

"मोजा," त्या म्हणाल्या. "पर टेप न्हाई लावायची माझ्या दाराला." आणि घरातून सुतळीचा गुंडा आणून दिला.

मग सुतळीनं मोजलं. एक टोक त्यांनी धरायचं, दुसऱ्या टोकाला मी गाठ मारायची, तुकडा कापायचा आणि त्याला चिठ्ठी बांधायची: उंची, रुंदी, उंबरा. टेप लावायची ती घरी, सुतळीला. दरवाजा इतका बुटका की मलाही वाकून आत जावं लागलं. मी कारण विचारलं.

"सासरे म्हनायचे, घोड्यावर बसून कुनी आत येऊ नये म्हून."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. अख्ख्या गढीचं डोकं त्या उंचीत होतं. त्याच आनंदाच्या भरात मी बाईंना शब्द देऊन बसले: दरवाजा पडेल तेव्हा पडेल, त्याआधी दिवाळीत आमच्या पेठेत किल्ल्यांचं प्रदर्शन असतं, तिथे तो चारचौघांत मानानं मांडीन. बाईंनी गल्लीभर सांगून टाकलं. सगळ्यांना प्रदर्शनाला आणायला टेम्पोसुद्धा ठरवला.

प्रदर्शनाच्या संयोजकांनी चष्मा वर करून खोक्यातली माझी प्लास्टरची गढी पाहिली.

"मॅडम, सुंदर. पण दरवाजा बुटका झालाय."

"झाला नाही. आहे."

"अहो, लोकांना भव्य लागतं. निदान हत्ती जाईल एवढा तरी करा."

"त्या गढीला हत्ती परवडत नव्हता."

"ते कोणाला कळणार आहे?"

"मला."

"मग आपल्याला तो इथे मांडता येणार नाही," ते अगदी आदरानं म्हणाले.

मला राग आला आणि तो अजून उतरलेला नाही. दरवाजा वाढवणं म्हणजे एका दुपारचं काम. बाईंना दिलेला शब्दही राहिला असता. पण खरा पाडल्यावर मागे उरणार तो माझा. तोच खोटा असेल तर बाईंच्या गल्लीनं तिथे येऊन पाहायचं काय? यंत्रं तो दरवाजा एकदा पाडणारच होती. दुसऱ्यांदा तो मी पाडणार नव्हते. खोकं उचललं आणि हॉलमधून बाहेर पडले.

बाईंना फोन केला. "टेम्पो नको. मीच घेऊन येते."

वारज्याचा माझा मित्र, खेळातला माझा कायमचा शत्रू, त्याला घोडदळासकट गाडीत घातलं. गढीत शिरताना तो बोलत बोलत चालला होता, त्यामुळे त्याचं कपाळ दगडावर आपटलं. ओट्यावर फळी टाकून आम्ही लढाई मांडली. गल्ली भोवती गोळा झाली. त्याचं घोडदळ दौडत दरवाजापाशी आलं, तेव्हा मी म्हटलं, "उतरा आता सगळे."

"हा कुठला नियम?"

"कपाळाला हात लावून बघ."

पोरंबाळं खो खो हसली. तो घोड्यांवरून उतरला, एकेक शिपाई वाकवून आत घालू लागला, आणि माझ्या मूठभर लोकांनी त्याला उंबऱ्यातच गारद केलं. लढाई संपल्यावर बाई फळीपाशी बसल्या, त्या प्लास्टरच्या दारातून पलीकडे पाहिलं आणि दोन्ही हात त्याच्याभोवती ठेवले.

"ह्यो आमचाच हाय. हितंच ऱ्हाऊ द्या."

मी मान हलवली. रिकामं खोकं मिटून ठेवलं.

"आन त्या हॉलवाल्यांना सांगा," त्या म्हणाल्या, "बघायचा आसंल तर हितं यावं. वाकून."