बत्तीस घरं, एकच आकडा

गोंडपिपरीच्या मनकर्णा दुर्गेनं कधी खोटं लिहिलं नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण शहाऐंशी सालच्या फेब्रुवारीत ते कुणालाच पटत नव्हतं.

ती चंद्रपूरला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. अर्थशास्त्राच्या वैरागडे सरांनी फर्मान काढलं होतं, की पुस्तकातून उतरवायचं नाही, गावात जाऊन आकडे आणायचे आणि त्यावर निबंध लिहायचा. ज्याचा निबंध सरस, त्याची नागपूरला एम.ए.साठी शिफारस सर स्वतः करणार. आणि शिफारस मिळाली तरच नागपूर, असं मनकर्णाच्या बापानं सांगून टाकलं होतं.

मनकर्णानं मोहफुलांचा विषय घेतला आणि बत्तीस घरांचं एक गोंडांचं गाव गाठलं. तिथली मंगली तिच्या आईच्या ओळखीची. आईनं बजावलं होतं, आधी वडीलधाऱ्याला विचारायचं. म्हणून मनकर्णा पहिल्यांदा गेली ती झिंगू भूम्याकडे. भूम्या म्हणजे गावदेवाचा पुजारी. त्याचा शब्द तो गावाचा शब्द. गेल्या हंगामात घरात मोहाच्या किती टोपल्या आल्या? झिंगू म्हणाला, चाळीस. मग त्याच्याच अंगणात जमलेल्या बाकीच्यांना तिनं एकेक करून विचारलं. सगळे म्हणाले, चाळीस. पोरगी खूश! सरासरी काढायचीही कटकट उरली नाही.

सरांनी तक्ता पाहिला आणि भर वर्गात विचारलं, "मोह काय रेशनच्या दुकानात मिळतो? हे तू घरी खाटेवर बसून लिहिलंस."

मनकर्णाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लबाड हा शब्द सरांनी उच्चारला नाही एवढंच. मार्चअखेरपर्यंत मुदत मागून घेऊन ती तणतणत मंगलीकडे गेली. मंगली आधी पोट धरून हसली.

"भूम्यानं चाळीस सांगतल्यावर मी पंचवीस कशी सांगू, बाई? म्हातारा खोटा पडला असता. तुले खरं पायजे असन त झाडाखाली ये."

मोह गळायला लागला तशी मनकर्णा गेली आणि आठ दिवस राहिली. भल्या पहाटे बायकांबरोबर फुलं वेचायची, आणि उन्हं चढली की घरोघरी टोपल्या मोजायची, गेल्या हंगामाचा आकडाही ज्याच्या त्याच्या घरीच विचारायची. आता बत्तीस घरांचे बत्तीस आकडे झाले. तिला वाटलं होतं, ज्याची झाडं जास्त त्याचा मोह जास्त. तसं काही नव्हतं. वेचणारे हात जास्त, तिथं टोपल्या जास्त. मंगलीची झाडं चिक्कार, पण दोन्ही पोरी आश्रमशाळेत. तिचीच टोपली सगळ्यांत हलकी. आपण कॉलेजात असताना आपल्या वाटणीचं निंदण कोण करतं, हे मनकर्णाला तेव्हा कळलं. आईची आठवण येऊन तिला रडूच आलं.

निबंध झाला, पण घोडं अडलं. हे आकडे सरांना दिले की झिंगू भूम्या खोटा ठरणार. न द्यावेत तर आपण खोट्या ठरणार. शेवटी ती वही घेऊन त्याच्याच अंगणात गेली आणि पहिल्या ओळीपासून सगळं वाचून दाखवलं. म्हातारा डोळे मिटून ऐकत होता. तो नाही म्हणाला असता, तर तिनं वही मिटून घर गाठलं असतं, आणि नागपूरही तिथंच मिटलं असतं.

"चाळीस माह्या घरचं होतं," झिंगू म्हणाला. "तू घरचं इचारलं, मी घरचं सांगतलं. गावाचं मले कोणी इचारलंच नाई. लिव्ह तसंच."

मनकर्णानं तसंच लिहिलं. पहिला तक्ता काढून टाकला नाही. त्याखाली चूक कुणाची आणि कशी झाली तेही लिहिलं. भूम्याच्या अंगणात, सगळ्यांसमोर विचारलं, ही चूक माझी.

सरांनी निबंध तिच्यासमोरच वाचायला घेतला. वाचून झाल्यावर त्यांनी पानं उलटून पहिला तक्ता पुन्हा पाहिला. मग म्हणाले, "त्या दिवशी मी तुझ्या घरी आलो नव्हतो, त्या गावीही गेलो नव्हतो. खाटेवर बसून बोललो तो मीच." आणि शिफारशीचा कागद त्यांनी पुढ्यात ओढला.