उलट्या काचेचा तास

नागपुरात भूगोल शिकवणारे पुष्कळ झाले; भूगोलासाठी सूर्य अडवणारा माणूस मी एकच पाहिला. ते आमच्या शाळेत भूगोल शिकवीत आणि मी गणित. दोघांच्या वर्गांमध्ये एक भिंत होती. सत्तरच्या सुमारास शिक्षण खात्याने आमच्या शाळेला एक यंत्र वापरायला दिले. काचेवरचे चित्र ते दिव्याच्या झोताने भिंतीवर मोठे करून पाडी. या गृहस्थांनी ते जवळजवळ दत्तक घेतले. एप्रिलच्या उन्हात नागपूरकर आपल्या डोक्याला दुपट्टा बांधतो. हे आपला दुपट्टा यंत्राच्या भिंगाला गुंडाळीत आणि उघड्या डोक्याने सायकल हाणीत. काचेवरचे नकाशे ते घरी स्वतः टाकाने काढीत. त्यांवर एकही नाव लिहीत नसत. नावे घालणे हे मुलांचे काम.

त्यांच्या तासाचे कायदे कडक होते. काळे पडदे ओढायचे, नकाशा भिंतीवर पाडायचा आणि मुलांनी हात बांधून नुसते पाहायचे. अंधारात बोलणे हा गुन्हा. हे स्वतः भिंतीकडे पाठ करून मुलांचे चेहरे न्याहाळीत. नकाशा चेहऱ्यांत उतरला असे वाटले की दिवा बंद, पडदे उघडे, आणि आठवणीतून तोच नकाशा कागदावर, तोही शाईने. पेन्सिल वर्ज्य होती. लेकरांना खोडण्याची तरी सवलत द्या, असे मी एकदा सुचवले. ते उसळले, "काहून गा मास्तर? गोदावरी खोडून पाह्यली का कोणी? मंग पोट्ट्यांनीच काहून खोडावी?"

एका वर्षी तपासणीला शिक्षण खात्याचे साहेब यायचे ठरले. यंत्र एक आणि मागणाऱ्या शाळा दोन. ते आमच्याकडे राहावे की कामठीच्या शाळेला जावे, याचा निकाल साहेब गृहस्थांचा एक तास पाहून देणार होते. गृहस्थांचे दोन दिवस जेवणावर लक्ष नव्हते. पडदे ओढायला त्यांनी मला उभे केले.

दिवा लागला आणि भिंतीवर महाराष्ट्र उमटला, पण उलटा. घाईत काच पालथी बसली होती. समुद्र पूर्वेला लागला होता आणि नागपूर पश्चिमेला सरकले होते. मी पाहिले, साहेबांनीही पाहिले. गृहस्थांची भिंतीकडे पाठ होती. बोलण्याची बंदी मलाही होती; मी ती पाळली. हे मी बरे केले नाही.

पडदे उघडल्यावर साहेब बाकांमधून फिरले. प्रत्येक कागदावर समुद्र पश्चिमेला होता आणि नागपूर आपल्या जागी.

"भिंतीवर तर उलटं होतं," साहेब म्हणाले. गृहस्थांचा चेहरा उतरला.

पहिल्या बाकावरची मुलगी उठली. "सर, काच पालथी होती न. आम्हीच सुलटा काढला."

"मंग सांगितलं काहून नाही वं?"

"अंधारात बोलाचं नाही, असं तुम्हीच म्हणता न!"

वर्ग हसला. साहेबही हसले, आणि त्यांनी शेरा लिहिला: येथील मुलांना यंत्राची गरज उरलेली नाही, ते कामठीस द्यावे.

यंत्र गृहस्थांनी स्वतः खोक्यात भरले. गवत घातले, सुतळी बांधली, गाठ दोनदा तपासली. मी शेजारी होतो. मग ते म्हणाले, "पोट्ट्यांनी मले जिंकून हरवलं गा, मास्तर." डोळे पुसले की घाम, हे मी पाहिले नाही.

पुढच्या आठवड्यात मी फळ्यावर एका उदाहरणाची एक पायरी जाणूनबुजून चुकवली आणि थांबलो. सगळ्या वर्गाने ती सुबक अक्षरात उतरवून घेतली. एकानेही मान वर केली नाही. मी फळा पुसला आणि उदाहरण पुन्हा पहिल्यापासून घातले.

हे गृहस्थांना सांगावे, असे पुढे कित्येकदा मनात आले. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी होत्या. सांगितले नाही. आता ते नाहीत.