कुलपातलं नवं औषध

मी भूलतज्ज्ञ. सर्जन लोकांच्या हिशेबी, पेशंटला झोपवणारी आणि त्यांनी हातमोजे काढायच्या आत उठवणारी बाई. सोलापुरात स्कूटरला पिशवी अडकवून या दवाखान्यातून त्या दवाखान्यात हिंडते. पेशंट बरा झाला की सर्जनच्या हाताला गुण आहे, आणि काही बिनसलं की भूल जास्त झाली. ही वाटणी मी केव्हाच मान्य केली आहे.

ऑपरेशनसाठी आम्ही स्नायू सैल पाडणारं औषध देतो. मग पेशंटला स्वतःचा श्वासही घेता येत नाही, घशात घातलेल्या नळीतून मशीन तो देतं. शेवटी हा असर उतरवायला दोन औषधं आहेत. जुनं, निओस्टिग्मिन, एकटं कुठे जात नाही. नाडी मंदावते म्हणून जोडीला दुसरं इंजेक्शन लागतं. शिवाय अंगात थोडी ताकद आपोआप परतल्याशिवाय ते नीट कामाला लागत नाही, आणि लागलं तरी सावकाश. नवं, सुगमाडेक्स, स्नायू सैल पाडणाऱ्या औषधालाच रक्तात पकडतं आणि स्नायू झटपट मोकळे करतं. मात्र ते मोजक्याच औषधांवर चालतं आणि महाग आहे. त्यामुळे ज्या सर्जनच्या दवाखान्याची ही गोष्ट, तिथे ते काचेच्या कपाटात कुलपात असे. पाहुण्यांना दाखवायला फार उपयोगी.

त्या दिवशी टेबलावर कुंभारीचे एक मामा होते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या लूमवर जन्म गेलेला, छातीत बिड्यांचा धूर. पित्ताशय काढायचं होतं. ते शोधण्यात सर्जनची अर्धी सकाळ गेली, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. टाके पडले, मी जुनं औषध दिलं, आणि लगेच सर्जनसाहेबांना घाई झाली.

"मॅडम, काढा की नळी. डोळे उघडलेत त्यांनी."

डोळे उघडे होते खरे, पण तेवढ्यावर नळी काढत नाहीत. ताकद परतायच्या आत काढली असती तर ती छाती दम धरणार नव्हती. म्हणून मी नेहमीसारखं म्हटलं, "मामा, डोकं उचला." मामा माझ्याकडे बघत राहिले. "माझा हात दाबा." काही नाही. सिस्टरने तेलुगूत सांगून पाहिलं, वॉर्डबॉयने दखनीत, सर्जननी आपल्या अक्कलकोटी कानडीत. मामांची नजर या मास्कवरून त्या मास्कवर फिरत होती, पण मान तसूभर हलेना.

"बघा, तुमचं जुनं औषध! नवं द्या," सर्जन म्हणाले. एरवी हेच गृहस्थ मला सांगत, दोन्ही सारखीच हो, उगाच खर्च. आता त्यांनी वॉर्डबॉयला कपाटाकडे पिटाळलं. किल्ली साहेबांच्या मिसेसकडे, आणि मिसेस भिशीला गेलेल्या.

मी मामांच्या मनगटाला स्टिम्युलेटरच्या तारा लावल्या. हे यंत्र नसेला लागोपाठ चार बारीक झटके देतं. अंगठा चारही वेळा सारख्याच जोराने उडाला. म्हणजे ताकद पूर्ण परतली होती. जुन्या औषधाने आपलं काम चोख केलं होतं.

आणि खरी पंचाईत तिथेच होती. औषध चाललं नसतं तर दुसरं देता आलं असतं. पण ताकद आहे, डोळे उघडे आहेत आणि माणूस सांगितलेलं करत नाही, म्हणजे मेंदूला काही झालं? मधेच कुठे प्राणवायू कमी पडला? बाहेर त्यांची बायको बसली होती. तिला काय सांगायचं? सर्जन मात्र शांत होते. भूल त्यांचं खातं नव्हतं.

शेवटी न राहवून मी मास्क हनुवटीखाली ओढला आणि जीव खाऊन ओरडले, "मामा! डोकं उचला!"

मामांनी डोकं उचललं. वर धरूनही ठेवलं, हात दाबायला सांगितला तर माझी बोटं मोडायची वेळ आली. तेव्हा कुठे माझ्या शिकलेल्या डोक्यात उजेड पडला. जन्मभर लूमच्या खडखडाटात उभ्या राहिलेल्या माणसाला कानाने ऐकू येत नव्हतं. आदल्या दिवशी तपासताना त्यांनी पटापट उत्तरं दिली होती, ती माझे ओठ बघून. आणि इथे आम्ही सगळे विद्वान तोंडं बांधून, दोन औषधांची तुलना करत, त्यांच्यावर चार भाषांत बोंबलत होतो.

किल्ली आली. सर्जन म्हणाले, "असू दे, माझ्यामुळे निदान तयारी तरी होती."

नळी काढली. मामा खोकले, दम घेतला आणि माझ्या तोंडाकडे बघत घोगऱ्या आवाजात म्हणाले, "बाई, जित्ता हाय न्हवं मी?"

"हाय की, मामा."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "समदी भवतीनं उभी, अन् कुणीच कायबी बोलंना. म्हटलं, आटपलं आपलं."