बाबांचा आवाज उतरवून घेताना

घशाचं ऑपरेशन झाल्यावर बाबांचा आवाज फक्त एका सीडीत उरला. गावच्या भजन मंडळाने ती अकोल्याच्या एका लहान स्टुडिओत करून घेतली होती. मोजक्याच प्रती निघाल्या. आता शोधूनही दुसरी सापडली नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या शेतात राबून बाबा संध्याकाळी खंजेरी घेऊन गायला बसत. त्या मजुरीवर त्यांनी मला अमरावतीला शिकवलं. घरातला पहिला पदवीधर मी. त्यांचा आवाज जसाच्या तसा जपणं, एवढं तरी मला जमायला हवं होतं.

दसऱ्याला आमच्याकडे अवजारांची पूजा होते. विळा, फावडं, खंजेरी यांच्यासोबत आई सीडीही पाटावर मांडायची. चकाकणारी बाजू हीच दर्शनी समजून तिच्यावर हळदकुंकवाची बोटं ओढायची आणि दुसऱ्या दिवशी पदराने पुसायची. आम्ही सगळे हात जोडायचो. यंदा मी सीडी साबणाच्या पाण्याने धुतली, मऊ कापडाने मधून कडेकडे टिपली, तरी चरे राहिलेच.

लॅपटॉपवर आधीपासून असलेल्या सॉफ्टवेअरने चहा होईस्तोवर सगळी भजनं उतरवून दिली. पण वाचता न आलेल्या जागी अंदाजाने भरलेला आवाज ते मुकाट्याने स्वीकारतं. मी शोधून घेतलेलं दुसरं सॉफ्टवेअर तीच जागा पुन्हा पुन्हा वाचतं, वाचन जुळलं तरच खरं धरतं, आणि नाहीच जुळलं तर ती जागा रिकामी सोडून तसं सांगतं. फाइल दोन्हीकडे लॉसलेसच, म्हणजे वाचलेल्यातलं काहीही न गाळणारी. पण मुळात चुकीचं वाचलेलं काटेकोर जपून काय उपयोग? मी दुसरं लावलं. सीडी घुमायची, थबकायची, परत घुमायची.

"काहून रे बाबू, अटकली काय थे?" आईने विचारलं.

"नाही माय, वाचून राहिली. एकच जागा फिरून फिरून."

"मंग तुह्यासारखीच हाय. तू बी दहावीले असाच वाचे."

सॉफ्टवेअरने इतरांनी उतरवलेल्या सीडींच्या इंटरनेटवरच्या यादीशी ताडून पाहिलं आणि कळवलं, अशी सीडी कोणाकडेच आढळली नाही.

"कशी सापडन? बजारात इकली होती काय?" आई म्हणाली. मला हसू आलं नाही.

शेवटी एक जागा सोडून सगळं जुळलं. शेवटच्या भजनात बाबा एकटेच वर चढतात, तिथला एक शब्द गेला होता. पहिल्या सॉफ्टवेअरच्या फाइलीत त्या जागी आवाज होता, पण लोळागोळा झालेला, कोणाचाही वाटावा असा. दुसऱ्यात तिथे शांतता होती. कोणती ठेवायची ते मला ठरवता येईना. बाबांना दोन्ही ऐकवल्या.

पहिली ऐकताना त्या जागी त्यांची गुडघ्यावर ताल धरणारी बोटं थांबली. दुसरी लावली. आवाज तुटला तसं बाबांनी तोंड उघडलं आणि गेलेला शब्द ओठांनी पुरता म्हटला. आवाज आला नाही. पुढच्या शब्दाला सीडीतले बाबा पुन्हा गाऊ लागले.

"हेच ठेव," आई म्हणाली.