उजेड खाल्लेला कागद

कुकरची दुसरी शिट्टी झाली आणि दार वाजलं. कणकेच्या हातानंच मी कडी काढली. दारात पाशामियाँचाचा. बगलेत काळ्या प्लास्टिकात गुंडाळलेलं काहीतरी, हातात पिशवी. पिशवीतल्या बाटल्या एकमेकींवर वाजत होत्या. चाचा उभे होते, तरी वाजत होत्या.

"ताई, तुमच्या मोरीत जरा जागा मिळंल का? घरी मुजीब करू देत न्हाय. म्हणतो, अब्बा, अंगावर सांडून घ्याल."

जळकोटच्या स्टँडजवळ चाचांचा फोटो स्टुडिओ होता. आमच्या घरातल्या लग्नांचे फोटो त्यांचेच. पुढं मोबाइल आले, गिऱ्हाईक आटलं. एकदा पत्रा सरकून फोटोच्या कागदांच्या खोक्यात ऊन शिरलं. असा उजेड खाल्लेला कागद फोटोच्या कामाचा राहत नाही. दुसऱ्यानं चुलीत घातला असता. चाचांनी फोटो धुवायच्या औषधात ब्रश बुडवला आणि त्यावर ओढला. ओढला तिथं कागद काळा झाला. कॅमेरा नाही, समोर माणूस नाही, नुसता एक फटकारा! त्याच सुमारास रद्दीतल्या एका मासिकात त्यांना जपानी साधूंनी शाईनं काढलेली अक्षरं दिसली. एका श्वासात एकच फटकारा, पुन्हा हात लावायचा नाही. तेव्हापासून चाचांना तेच वेड.

"चाचा, ही काय म्हशीची शेपूट?" स्टँडवरची माणसं विचारायची.

"व्हय. माश्या लई झाल्यात इथं," चाचा त्यांच्याकडंच बघत म्हणायचे.

मग हात कापायला लागला. सोलापूरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पण हात पहिल्यासारखा होईल असं काही म्हणाले नाहीत.

"परात देऊ का, चाचा?"

"नको. चपातीत औषध उतरलं तर तुमचे मालक रणधीरभाऊ माझ्याच फोटोला हार घालतील."

मग मी कपड्यांचा जुना टब दिला. त्यांनी प्लास्टिक उघडलं. आत एकच कागद.

"बाकीचे?"

"वाया गेले. हात मधीच उडतो. असला कागद आता कुठं मिळत बी न्हाय."

आधी त्यांनी फरशीवर साध्या पाण्यानं ओढून पाहिलं. रेघ मधेच उडाली. मी फरशी पुसून दिली. पुन्हा ओढली, पुन्हा तसंच. पुसून देण्यापलीकडं मला काय येत होतं?

"उद्या करू या का? गोळी घेतल्यावर?"

"गोळी घिऊनच आलोय, ताई."

त्यांनी ब्रश औषधात बुडवला, श्वास रोखला. ब्रश कागदावर अधांतरी थरथरत राहिला. एक थेंब कडेला पडला आणि काळा झाला. मला राहवलं नाही. मी त्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. ते माझ्या मुठीतही थरथरत होतं. आणखी दाबलं, तरी थांबेना.

चाचांनी श्वास सोडला.

"हात सोडा, ताई," ते म्हणाले. "वाकडी तर वाकडी. मला ओढू द्या."